जोगव्याचं पाचवं घर

मुलुंड, ७ सप्टेंबर

मधू,

फोनच करणार होते. पण कानात ते यंत्र बसवल्यापासून फोन लावला की ते शिट्टी मारतं, आणि पलीकडच्याला वाटतं मीच मारते. सुशांत म्हणतो, मेसेज कर. त्या काचेवर माझं बोट एका अक्षरावर पडतं आणि उमटतं दुसरंच. पोटचा मुलगा असून त्याला आईचा मेसेज वाचता येत नाही. म्हणून हे पत्र.

काल गणपती गेले, आता नवरात्राचं बघायला हवं. आकाशला सातवं लागलं. माझा हा नातू काचेच्या पेटीत एकोणीस दिवस होता तेव्हा मी देवीला गाऱ्हाणं घातलं होतं, ते तुला माहीत आहे. पोर जगलं तर सातव्या वर्षी नवरात्रातल्या शुक्रवारी त्याच्या तोंडून पाच घरी जोगवा मागवीन. देवीने तिचं काम केलं. माझं राहिलंय.

अडचण अशी, की आमच्या टॉवरमध्ये कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही. खाली वॉचमन विचारतो, वर घरातले मोबाइलवर 'हो' दाबतात, मग लिफ्ट. त्याच्या यादीत जेवण, कुरियर, पाहुणा, मिस्त्री सगळं आहे, जोगवा नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मौसी, डिलिव्हरी में डाल दूँ?" म्हटलं, बाबा, आम्ही द्यायला नाही, न्यायला जाणार. तर म्हणतो, मग 'रिटर्न' मध्ये टाकतो.

तुमच्या चारकोपला अजून दारं वाजवता येतात. तेव्हा २६ तारखेच्या शुक्रवारी आकाशला घेऊन येते. पाच घरं बघून ठेव. आणि काकीची रीत विसरू नकोस. पाचांतलं एक घर आपल्यापेक्षा गरिबाचं हवं. नाहीतर तो जोगवा नव्हे, नातेवाइकांकडची फेरी, असं तुझी आईच म्हणायची.

मालनताई


चारकोप, ११ सप्टेंबर

ताई,

तुझं पाकीट देताना पोस्टमनने "सगळं ठीक ना?" म्हणून विचारलं. हाताने लिहिलेला पत्ता त्याने बऱ्याच दिवसांनी पाहिला असावा.

पाच घरांचं बघतो. फक्त एक गोष्ट आहे. आमच्या इमारतीत मागणाऱ्या मुलांसंबंधी एक समिती नेमली आहे आणि मी तिचा सचिव आहे. त्यामुळे जरा विचारपूर्वक करावं लागेल. सविस्तर पुढे कळवतो.

सध्या डोक्यात दुसरंच आहे. नाक्यावरच्या सिग्नलला शीतल नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी गाड्यांच्या काचा वाजवते. तिची आई जयंती गजरे विकते. मेट्रोच्या खांब क्रमांक ४१२ ला ताडपत्री बांधून दोघी राहतात. मी कारखान्यातून येताना शीतलशी रोज दोन शब्द होतात. एकदा म्हणाली, "काका, शाळेत खिचडी देतात ना? मला खिचडी नको. मला बाकावर बसायचंय."

मी दोघींना शाळेत घेऊन गेलो. मुख्याध्यापिका भल्या बाई. म्हणाल्या, कागद नसला तरी मूल दाखल करून घ्यायचं असाच नियम आहे. पण फाईल करणारे कारकून म्हणाले, "नियम आहे हो, पण कागदच नाही तर फाईलला टाचणी कशाला लावू? नाव, पत्ता आणि शिक्का असलेला एक कागद आणा. कसलाही चालेल." जयंतीकडे तसा कागद नाही. तिच्या घरात छापील अक्षरं आहेत ती फक्त ताडपत्रीवर, सिमेंट कंपनीची.

शीतल रोज विचारते, "काका, कागद मिळाला?" मी रोज रस्ता ओलांडायच्या घाईत असल्यासारखं करतो.

मधुकर


मुलुंड, १४ सप्टेंबर

मधू,

समितीचं वाचून जीव भांड्यात पडला. मागणाऱ्या मुलांची व्यवस्था बघणारी अख्खी समिती, आणि तिचा सचिव आपला मधू. देवीनेच आधी जाऊन सोय करून ठेवली म्हणायची. सुशांतलाही वाचून दाखवलं. तुमच्या समितीत पाच घरांची यादी तयारच असेल, तिची एक नक्कल पाठव.

आता मी तुझ्यापासून लपवलेलं सांगते. रुचिराला, म्हणजे माझ्या सुनेला, हे पसंत नाही. "आई, सात वर्षांच्या मुलाला भीक मागायला लावणार?" म्हणाली. मी म्हटलं, देवीच्या नावाने मागणं वेगळं. तर म्हणाली, "सिग्नलवरचे पण देवाच्याच नावाने मागतात." यावर मी यंत्र काढून ठेवलं.

दुसरं त्याहून अवघड आहे. आकाशला मागता येत नाही. बोलतो व्यवस्थित, शाळेत पहिला येतो, पण मागणं म्हणून काही त्याला माहीतच नाही. त्याने मागायच्या आत वस्तू खाली वॉचमनकडे आलेली असते. काल मी मुद्दाम पाणी दिलं नाही. पोर तासभर तहानलेलं बसलं, पण "आजी, पाणी दे" म्हणालं नाही. आणि मी तर "त्याच्या तोंडून" असं कबूल करून बसले आहे.

मालनताई


चारकोप, १८ सप्टेंबर

ताई,

देवीने सोय केली असं तू लिहिलंस आणि मी चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. खरं लिहितो. समिती मागणाऱ्या मुलांची सोय बघणारी नाही. मुलांना भीक मिळू नये म्हणून ती आहे, आणि नियम मी लिहिला आहे. आमच्या फाटकापासून नाक्यापर्यंतच्या हद्दीत जो कुणी लहान मुलाच्या हातात काही देईल, त्याने आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर 'मुलांना भीक देऊ नका' अशी पाटी घेऊन सिग्नलला उभं राहायचं. कागद मिळेना तेव्हा लिहिला. वाटलं, देणारा हात थांबला की मागणारा हात आपोआप वहीकडे जाईल. माझं गणित गावच्या शाळेतही कच्चंच होतं.

पहिल्या आठवड्यात एक पाटी होती. आता सतरा आहेत. भल्या घरची माणसं पाटी धरून ताटकळत उभी दिसली की गाडीवाल्यांना वाईट वाटतं. ते पाटी वाचत नाहीत, काच खाली करतात आणि काहीतरी देतात. आमच्या शेजारच्या क्षमाताईंना पहिल्याच दिवशी चार केळी, बिस्किटांचे पुडे आणि एक नवी छत्री मिळाली. एवढं घेऊन करायचं काय? त्यांनी ते शीतलला दिलं. म्हणजे आणखी एक आठवडा. दुसऱ्या आठवड्यातही तेच. आता त्यांची शिक्षा दिवाळीपर्यंत गेली आहे.

शीतल त्यांना मदत करते. "काकू, इथे नका उभ्या राहू, इथला सिग्नल लवकर सुटतो." आमचे अध्यक्ष देवदत्तसाहेब फार सरळ माणूस. नातवाच्या मित्राला चॉकलेट दिलं म्हणून त्यांनी स्वतःच स्वतःला शिक्षा लावून घेतली. त्यांना शीतलने पाटी खाली धरायला सांगितलं. तोंड दिसलं की लोक जास्त देतात म्हणे. तिला मात्र आता कुणी गाडीवाला काही देत नाही, सगळं पाटीवाल्यांनाच मिळतं. त्यामुळे एका अर्थी नियम यशस्वी झाला आहे. देवदत्तसाहेबांनी तसा अहवालही लिहिला आहे.

जोगव्याचा विषय मी सभेत मांडला. जोगवा म्हणजे भीक का, यावर दीड तास चर्चा झाली. मी सांगितलं, मीही लहानपणी परडी घेऊन गेलो आहे. जोगवा काही मिळावं म्हणून मागत नाहीत. आपल्यावरही मागायची वेळ येऊ शकते, ते विसरू नये म्हणून मागतात. मग ठराव झाला. इमारतीच्या आत धार्मिक मागणीला सूट, मात्र मुलाच्या गळ्यात ओळखपत्र हवं. मी ते तयार केलं आहे. 'सदर बालक जोगवा मागत असून भीक मागत नाही.' खाली माझी सही आणि गोल शिक्का.

चार घरं तयार आहेत. पाचवं मिळत नाही. आपल्यापेक्षा गरीब कोण, असं विचारत मी चारही मजले फिरलो. वर्गणीच्या वेळी सगळेच गरीब असतात. या वेळी दुसऱ्या मजल्याने तिसऱ्याकडे बोट दाखवलं, तिसऱ्याने चौथ्याकडे. चौथ्याने दार उघडून नवा टीव्ही दाखवला.

मधुकर


मुलुंड, २२ सप्टेंबर

मधू,

आज घट बसवले. हात पुसून लिहिते आहे.

तुझ्या नियमाचं वाचून आधी राग आला, मग हसले, मग पुन्हा राग आला. सतरा शिकलेली माणसं पाट्या धरून उभी, पोरीला बाकावर बसायचंय हे तुला ठाऊक, आणि तुम्ही सभेत जोगव्याची व्याख्या करताय?

रुचिरा तयार झाली. परडीऐवजी स्टीलचा डबा न्या म्हणाली. न्यायचा म्हटलं. देवी डबा बघून परत पाठवणार नाही.

पाचव्या घरासाठी मजले चढू नकोस. माझं मी बघते. शुक्रवारी चारला पोचतो.

मालनताई


मुलुंड, २८ सप्टेंबर

मधू,

शुक्रवारी निघताना घाईत बोलणं झालं नाही. पुढे काय घडलं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

चार घरं तुझ्यासमोर झाली. चारही दारांत आकाश डबा धरून नुसता उभा. लोकांनी गळ्यातलं वाचून वाढलं. तुझी बायको वसुधा खुणा करत होती, त्याने तोंड उघडलं नाही. मग देवदत्तसाहेबांनी तुला कसल्याशा सहीला वर बोलावलं, आणि मी आकाशचा हात धरून फाटकाबाहेर पडले. ४१२ आकडा तुझ्या पत्रातून माझ्या लक्षात होता.

शीतलच पुढे आली. "आजी, ह्याच्या गळ्यात काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मला पण एक द्या ना. असं लिहिलेलं असलं की गाडीवाले लगेच देतील."

आकाश उभाच. तिने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "असं नसतं रे. खाली काय बघतोस? आधी त्यांच्याकडे बघायचं. मग बोलायचं. नाही बोलले तरी तिथेच थांबायचं." त्याने विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?" ती म्हणाली, "तर पुढची गाडी." असं सात वर्षांत त्याला कुणी समजावलं नव्हतं.

मग तो ताडपत्रीसमोर गेला, जयंतीकडे बघितलं आणि म्हणाला, "आईचा जोगवा वाढा." एवढ्या गाड्यांच्या आवाजात मला ते यंत्राशिवाय ऐकू आलं असतं.

जयंती उठली. म्हणाली, "थांबा वाईच." समोरची फरशी हाताने झाडली, पाणी शिंपडलं. पत्र्याच्या डब्यातून मूठभर तांदूळ काढले आणि त्याच्या डब्यात घातले. मला म्हणाली, "आमच्यात मागाया कोन येतंय, आजी. पयलंच आलंय हे लेकरू." तिने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आमचा आकाश म्हणाला, "अजून थोडे द्या ना." एकदा कळलं म्हटल्यावर पोर थांबतंय कशाला. तिने हसत आणखी एक मूठ घातली.

तिथे तुमच्या एक पाटीवाल्या बाई चष्मा पुसत बघत होत्या. मग त्यांनी वहीत काही लिहून घेतलं. भल्या दिसल्या.

माझा नवस फिटला. त्या तांदळाची मी खीर केली. रुचिराने दोनदा घेतली.

मालनताई


चारकोप, ३ ऑक्टोबर

ताई,

त्या बाई म्हणजे क्षमाताई, आणि त्यांनी वहीत लिहिलं ती तक्रार होती. पाटीवाल्याने हद्दीत काही दिसलं तर नोंद करायची, असाही माझाच नियम आहे. 'सायंकाळी ५.४०, एका महिलेने एका बालकास तांदूळ दिले.' कुणाला त्रास व्हावा असं त्यांच्या मनात नव्हतं. नोंद करायची म्हणून केली.

देवदत्तसाहेब म्हणाले, सूट इमारतीच्या आत होती, हे बाहेर झालं. नोटीस काढा. मी म्हटलं, साहेब, ती बाई सिग्नलवर राहते. तर म्हणाले, "म्हणजे हद्दीतच राहते."

मी आमच्या छापील कागदावर नोटीस लिहायला बसलो. 'श्रीमती जयंती नामदेव लोखंडे, राहणार मेट्रो खांब क्रमांक ४१२, चारकोप नाका,' आणि पेन थांबलं. समोरच्या देवीच्या तसबिरीकडे पाहिलं. मग एरवी लिहीत नाही तेही लिहिलं. 'आपली मुलगी कु. शीतल, वय वर्षे नऊ, हिच्यासह वरील पत्त्यावर राहत असून आपण एका लहान मुलाला दोन मुठी तांदूळ दिल्याचे आढळून आले आहे.' तारीख, जावक क्रमांक, सही. शिक्का दोन वेळा मारला.

जयंतीने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ताडपत्रीच्या आत टांगला आहे. शीतल त्याला हात लावू देत नाही.

शाळेच्या कारकुनांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, शिक्का गोल की चौकोनी? गोल म्हटल्यावर म्हणाले, आणा. पण ते रजेवर आहेत, सोमवारी १३ तारखेला येणार. आणि कागद चालू आहे ना, याची इमारतीत फोन करून खात्री करणार.

आता अडचण ऐक. क्षमाताईंना आपण काय केलं ते उमगलं आणि त्या रात्रंदिवस हळहळतात. १२ तारखेच्या सभेत त्या ठराव आणणार आहेत, की नोटीस रद्द करावी आणि जयंतीची माफी मागावी. सगळ्यांचा पाठिंबा आहे. लोकांच्या चांगुलपणाची मला इतकी धास्ती कधी वाटली नव्हती. नोटीस रद्द झाली तर शीतलचा पत्ता गेला. आणि खरं सांगावं, तर देवदत्तसाहेब म्हणतील, शिक्षेच्या कागदाचा असा वापर म्हणजे शिक्क्याचा गैरवापर, आणि आत्ताच रद्द करतील.

मधुकर


मुलुंड, ७ ऑक्टोबर

मधू,

तू नियम लिहिलास, पाट्या लिहिल्यास, गळ्यातलं लिहिलंस, नोटीस लिहिलीस. त्या पोरीसाठी कुणापुढे हात मात्र एकदाही पसरला नाहीस. सभेत लपवाछपवी करू नकोस. माग.

शीतलने सांगितलं तसं. आधी त्यांच्याकडे बघ, मग बोल, आणि नाही बोलले तरी तिथेच थांब.

आकाश परवा चौदाव्या मजल्यावर गेला आणि त्यांच्याकडे सायकल मागितली. त्यांनी दिली. सुशांत म्हणतो, आई, हा नवस परत फिरवता येईल का?

मालनताई


चारकोप, १४ ऑक्टोबर

ताई,

सभेत क्षमाताईंनी ठराव वाचला. वाचताना दोनदा थांबल्या. मी विरोध केला. म्हटलं, शिक्षा कायम ठेवा. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, की वसुधासुद्धा खुर्ची जरा बाजूला घेऊन बसली. क्षमाताई म्हणाल्या, "मधुकरराव, तुम्ही रोज पूजा करता ना हो?" दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "काय माणूस आहे यार."

मला तुझं पत्र आठवलं. मी देवदत्तसाहेबांकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. शाळा, टाचणी, बाक, गोल शिक्का. मग म्हणालो, "साहेब, मी आजवर इमारतीत कुणाकडे काही मागितलेलं नाही. आज मागतो. ही नोटीस उद्या दुपारपर्यंत मला वाढा." खरंच 'वाढा' म्हणालो. कुणी बोललं नाही. मी तिथेच उभा राहिलो.

तेवढ्यात दारातून आवाज आला. कागद जाणार असं कळल्यावर शीतलने जयंतीला बोलावून आणलं होतं. जयंती आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सायेब, माजी शिक्षा काडून घेऊ नगा. माज्या नावावर हाय ती. म्या तांदूळ दिल्याती, दोन मुठी. परत देनार."

देवदत्तसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ नियमांची फाईल चाळली. मग म्हणाले, "आरोपी गुन्हा कबूल करते आणि पुन्हा करीन म्हणते. अशा परिस्थितीत शिक्षा रद्द करता येणार नाही." आणि मला हळूच म्हणाले, "उद्या त्या कारकुनाचा फोन आला तर मी स्वतः घेईन."

काल साडेदहाला फोन आला. साहेबांनी सांगितलं, "होय, ती बाई तिथेच राहते, आमच्या दप्तरी नोंद आहे." ते खोटं नव्हतं. कारकुनांनी नोटीस दोनदा वाचली. "तांदूळ दिल्याबद्दल?" मी म्हटलं, हो. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. टाचणी लावली. त्याची झेरॉक्स त्यांच्याकडे राहिली, मूळ कागद जयंतीकडे परत आला. शीतल दुसरीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली. उंचीने ती सगळ्यांत मोठी आहे. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे, हे ऐकून ती फार नाराज झाली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. शनिवारी संध्याकाळी ती गाड्यांकडे जाईल, असं जयंतीने आधीच सांगितलं आहे. सणाच्या दिवसांत एकट्या गजऱ्यांवर भागत नाही. त्यावर नियम लिहायला मला सांगू नकोस. क्षमाताई जयंतीसाठी कुठे काम मिळतं का ते विचारत फिरताहेत. या वेळी मजले त्या चढताहेत.

जयंतीची शिक्षा कालपासून सुरू झाली. एका हातात पाटी, दुसऱ्या हातावर गजरे. लोक पाटी बघून काच खाली करतात आणि गजरा घेतात. शीतल खांबाला टेकून पाटीवरची अक्षरं वहीत उतरवत होती. पाटी हलली की आईवर ओरडायची.

मी निघालो तेव्हा जयंतीने विचारलं, "सायेब, शिक्षा सरल्यावर कागूद माघारी घ्याल का?" मी म्हटलं, नाही, तुमच्याकडेच राहील.

"मग फुडल्या नवरात्राला त्या लेकराला धाडा," म्हणाली. "पत्ता हाय आता."

मधुकर